चिनी घरी पाहुणे जाताना

जोगेश्वरी पूर्वेला स्टेशनबाहेर संध्याकाळी कढया तापू लागतात. लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेल्या गाड्यांपुढे कॉलेजची मुलं, कामावरून परतलेली माणसं, शिकवणीहून आलेल्या मुलीला घेऊन थांबलेली आई अशी गर्दी जमते. ट्रिपल राइस, मंचाव सूप, चायनीज भेळ, वरून शेजवान चटणी. उपनगरातल्या बहुतेक मराठी घरांची चीनशी ओळख इथंच सुरू होते आणि इथंच थांबते. गाडीवर कढई हलवणारा चिनी नसतो, खाणाराही नसतो. पदार्थांचंही तेच. मंचुरियन आपण १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं, असं नेल्सन वांग सांगत आले. कोलकात्यात जन्मलेल्या या चिनी वंशाच्या बल्लवानं हिरवी मिरची, आलं, लसूण घेतलं आणि त्यात सोया सॉस घातला. हे जेवण इथलं, इथल्या जिभेसाठी बनलेलं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पाहुणा’ हा विषय दिला, तेव्हा एक साधा प्रश्न समोर आला. शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईत राहणाऱ्या चिनी कुटुंबानं उद्या घरी जेवायला बोलावलं, तर मराठी माणसानं काय न्यावं, कसं बसावं, काय बोलावं? उत्तर शोधायला बीजिंग गाठायची गरज नाही. मार्च २०१८ मध्ये हार्बर मार्गाच्या गाड्या गोरेगावपर्यंत धावू लागल्या. त्यामुळे जोगेश्वरीला सीएसएमटीची हार्बर लोकल धरली की वडाळा, शिवडी, रे रोड करत, कुठंही गाडी न बदलता डॉकयार्ड रोडला उतरता येतं. तिथून माझगावचा नवाब टँक रोड चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे.

जिना चढून वर

या रस्त्यावरच्या एका जुन्या दुमजली इमारतीत सी यप कून हे चिनी मंदिर आहे. लाल रंग आणि चिनी अक्षरं दिसली नाहीत, तर शेजारच्या घरांतून ते वेगळं काढता येणार नाही. १९१९ साली ते बांधलं, ते दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या सी यप भागातून आलेल्या लोकांनी. त्या भागातली माणसं बोटींवर आणि गोदीत काम करत जगभर पसरली होती. मुंबईच्या बंदरात उतरलेल्यांनी बंदराला लागून असलेल्या माझगावात बिऱ्हाडं केली. खाली करुणेची देवी ग्वान यिन आणि जिना चढून वर क्वान कुंग. क्वान कुंग हा तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावरचा सेनापती. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून त्याचा देव झाला. तांबडा चेहरा, छातीवर रुळणारी दाढी. परमुलखात ओळखदेख नसताना एकमेकांच्या भरवशावर जगणाऱ्या खलाशांनी निष्ठेचा देव निवडावा, हे समजण्यासारखं आहे.

देवापुढे उदबत्त्या, लाल मेणबत्त्या, संत्री. बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडं हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याचं उत्तर वाचायचं. कोकणात ग्रामदेवतेला कौल लावणाऱ्याला हा विधी समजावून सांगावा लागत नाही.

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी येतं, कारण ते चंद्रावर चालतं. त्याच्या आदल्या रात्री मुंबईत विखुरलेली कुटुंबं इथं जमतात. एरवी ती शहरात कुठं आहेत हेही कळत नाही. दातांचे चिनी डॉक्टर मात्र जुन्या मुंबईकराला आठवतात. ती बहुधा हुपेइ प्रांतातून आलेली घराणी. ब्यूटी पार्लर आणि बुटांचा धंदा हाक्का लोकांचा, सुतारकाम आणि उपाहारगृहं कँटनी लोकांची. कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी स्ट्रीटवरही एकेकाळी चिनी वस्ती होती. ‘चिनी कुटुंब’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यांच्या घरची बोली, सणाचं ताट आणि मूळ गाव वेगवेगळं असतं. म्हणून पाहुण्यानं आपल्या यजमानांचं घराणं मूळचं कुठलं, हे आधी जाणून घ्यावं. घाटावरचे की कोकणातले, हे आपणही पहिल्या दहा मिनिटांत विचारतोच.

एकशे एक रुपये आणि पांढरं पाकीट

मराठी माणूस चिनी घरात शिरतो तेव्हा त्याला पुष्कळ गोष्टी आधीच येत असतात. चपला दाराशी काढायच्या. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नमस्कार करायचा, मग बाकीच्यांशी बोलायचं. रिकाम्या हातांनी जायचं नाही. वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची. यजमान ‘कशाला आणलंत?’ म्हणत एकदा-दोनदा नको म्हणतील. ते नकार मनावर घ्यायचे नाहीत, पुन्हा आग्रह करायचा. भेट घेतल्यावर ती पाहुण्यासमोर उघडत नाहीत, बाजूला ठेवतात. आवडली नाही असा त्याचा अर्थ नव्हे. समोरच उघडली तर हावरेपणा दिसतो, अशी समजूत आहे.

चूक होते ती दोन्हीकडे रीत जवळजवळ सारखी असूनही एखादा तपशील उलटा असतो तिथं. पैशांच्या पाकिटाचंच पाहा. आपल्याकडे आहेर एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. वरचा रुपया शकुनाचा. चिनी घरात शुभकार्याची रक्कम सम हवी, कारण चांगल्या गोष्टी जोडीनं याव्यात. विषम रकमा अंत्यविधीच्या पाकिटात घालतात. पांढरा रंगही शोकाचा. म्हणजे आपण निर्मळ मनानं पांढऱ्या पाकिटात एकशे एक रुपये घालून नववर्षाला मुलाच्या हातात ठेवले, तर एकाच भेटीत दोन अशुभं झाली. पाकीट लाल हवं, नोटा कोऱ्या हव्यात आणि रकमेत चार हा आकडा नको. याला कँटनी लोक लाय सी म्हणतात, उत्तरेकडे होंग बाओ. लग्न झालेल्यांनी ते लहानांना आणि अविवाहितांना द्यायचं. तिशी उलटलेल्या पण लग्न न झालेल्या भाच्यालाही मिळतं.

घड्याळ देऊ नये, ते मरणाशी जोडलेलं आहे. छत्री देऊ नये, ती ताटातुटीची. सुरी-कात्री देऊ नये, संबंध तुटतात. पेअरचं फळ वाटून खाऊ नये. यातले बरेच निषेध उच्चारांच्या साम्यावरून आले आहेत. मुंबईत चार पिढ्या काढलेली कुटुंबं ते सगळे काटेकोरपणे पाळतातच असं नाही. पण घरात आजी असेल तर ती पाळते, आणि पाहुण्यानं आजीच्या हिशेबानं वागावं. जोगेश्वरीच्या बाजारातून सहा किंवा आठ चांगली संत्री, चहाचा डबा किंवा सुक्या मेव्याचं खोकं नेलं की निश्चिंत व्हावं. दिवाळीच्या दिवसांत घरचा फराळ नेला तर त्याहून उत्तम. चकली-करंजीचा डबा देताना त्यातलं काय कसं केलं हे सांगता येतं आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

सणाच्या दिवसांतली आणखी एक उलट रीत. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. चिनी घरात नववर्षाआधी सगळं घर झाडून पुसून लख्ख करतात आणि पहिल्या दिवशी केरसुणी नजरेआड ठेवतात. त्या दिवशी केर काढला तर घरात आलेलं भाग्य केराबरोबर बाहेर जातं. अशा दिवशी पाहुण्याच्या हातून चिवडा सांडला आणि तो भरायला त्यानं केरसुणी मागितली, तर घरात एकदम शांतता पसरेल. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचाही एक देव असतो. नववर्षाच्या आठवडाभर आधी तो स्वर्गात घरातल्यांचा अहवाल द्यायला जातो, म्हणून जाताना त्याच्या ओठांना मध किंवा गोड चिकट काहीतरी लावतात. त्यानं गोड बोलावं, एवढीच अपेक्षा.

ताटात काय ठेवायचं

जेवणाचं आमंत्रण स्वीकारतानाच आपलं खाणं-पिणं स्पष्ट सांगावं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं पुरत नाही. भाजी शाकाहारी असली तरी तिच्यात ऑयस्टर सॉस, कोंबडीचा रस्सा किंवा डुकराची चरबी असू शकते. तेव्हा काय काय चालत नाही, ते नावानिशी सांगावं. संकष्टी आहे, गुरुवार आहे, श्रावण आहे हे सांगायला संकोचू नये. चिनी घरांना असा नेम नवा नाही. कित्येक बौद्ध कुटुंबांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस शिजत नाही. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मश्रूम, टोफू, शेवया आणि भाज्यांचा ‘लो हान जाय’ हा शाकाहारी पदार्थ अनेक घरांत होतो. ग्वान यिनच्या अनेक भक्तांना गोमांसही वर्ज्य असतं. ऐनवेळी ताटावर बसून नको म्हणणं मात्र यजमानाला लागतं.

दाराकडे तोंड करून असलेली जागा मानाची. ती पाहुण्यासाठी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असते. कुठं बसायचं हे सांगेपर्यंत उभं राहावं आणि वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावर जेवावं. पदार्थ मध्यभागी, भाताची वाटी प्रत्येकाची वेगळी. गाडीवरचं चायनीज मनात ठेवून गेलेल्याला इथं आश्चर्य वाटेल. कँटनी घरच्या जेवणात वाफवलेला मासा, आलं-कांद्याची पात, लसणाची फोडणी दिलेली हिरवी पालेभाजी, तासन्तास उकळलेलं पातळ सूप आणि साधा भात असतो. शेजवान चटणी मागू नये.

मग आग्रह सुरू होतो. यजमानीण स्वतः उचलून चांगला तुकडा पाहुण्याच्या वाटीत घालते. वाटी रिकामी दिसली की पुन्हा घालते. पंगतीत ‘एक तरी घ्या’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं, पण इथंही मोठा फरक आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की ताट स्वच्छ करून उठावं, अन्न टाकू नये. चिनी यजमानाला मात्र मधल्या थाळ्या पार रिकाम्या झालेल्या पाहून वाटतं की कमी पडलं, पाहुणा उपाशी राहिला. म्हणून मधल्या पदार्थांत थोडंसं उरू द्यायचं. स्वतःच्या वाटीतला भात मात्र संपवायचा. भाताची शितं टाकलीस तर तुझ्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या तोंडावर तेवढे व्रण असतील, असं चिनी आज्या नातवंडांना सांगतात. शितांच्या बाबतीत त्यांची आजी आणि आपली आजी एकाच मताची आहे.

काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठी ठेवलेल्या वाटीत उदबत्त्या तशा उभ्या असतात. जेवताना हे केलं की घरातली माणसं दचकतात. काड्यांनी वाटी वाजवू नये, कोणाकडे रोखू नयेत. काड्या जमत नसतील तर चमचा मागावा. मुंबईतल्या चिनी घरात तो सहज मिळतो आणि कोणी वाईट मानत नाही.

मासा अख्खा येतो, डोकं मुख्य पाहुण्याकडे. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही. मधला काटा उचलून खालचं मांस घ्यायचं. मासा उलटला तर होडी उलटते, ही समुद्रावर जगणाऱ्यांची धास्ती. बोटींवरून माझगावला उतरलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात हा नियम आणखी अर्थाचा वाटतो.

चहा दुसऱ्याला आधी ओतायचा, स्वतःला शेवटी. किटलीचं तोंड कोणाकडे वळवून ठेवायचं नाही. कोणी आपल्या कपात चहा ओतत असेल तर कँटनी लोक दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवतात. बोलणं न तोडता आभार मानायची ही रीत. वेश पालटून फिरणाऱ्या छ्येनलुंग सम्राटानं आपल्या माणसाला चहा ओतून दिला. नमस्कार केला तर गुपित फुटलं असतं, म्हणून त्या माणसानं बोटांनीच नमस्कार केला, अशी त्यामागे कथा सांगतात.

कशावर बोलावं

जेवण झालं का, असं विचारून सुरुवात करणं चिनी घरात आणि मराठी घरात सारखंच स्वाभाविक. खाणं हा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत लांब चालणारा विषय. हा पदार्थ कसा केला, मासा कुठून आणला, भाऊच्या धक्क्यावरून की बाजारातून, हे विचारलं की यजमानीण खुलते. मुलांचं शिक्षण, दहावी-बारावी, कोण परदेशात गेलं, यावरही भरपूर बोलता येतं. तुमचं वय किती, पगार किती, लग्न का नाही केलं, असे प्रश्न जुन्या पिढीकडून येतील. त्यात आपुलकी असते. मराठी मावश्या-आत्यांसमोर बसलेल्याला ते झेलता येतात. नात्यांवर बोलावं. आपण काका, मामा, आत्या, मावशी वेगळे मानतो. चिनी घरात वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळी संबोधनं आहेत. आडनाव आधी येतं, हे लक्षात ठेवून वडीलधाऱ्यांना आडनावानं आणि आदरानं हाक मारावी. मुंबईत तर ‘आंटी’, ‘अंकल’ चालतंच.

काय टाळावं, हे जास्त महत्त्वाचं. कुत्रा-साप खाता का, हा प्रश्न कोणत्याही स्वरात विचारला तरी अपमानच आहे. ‘तुम्ही नेपाळी का, ईशान्येकडचे का?’ हेही नको. आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ याचं उत्तर माझगाव किंवा भायखळा असं आलं, तर त्यावर ‘पण खरे कुठले?’ असं पुन्हा खोदू नये. या एका प्रश्नानं मुंबईत जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या, हिंदी सफाईनं बोलणाऱ्या माणसाला क्षणात परका करून टाकलं जातं.

१९६२ चा विषय पाहुण्यानं आपणहून काढू नये. त्या वर्षी युद्ध पेटलं आणि चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, मुख्यतः आसाम आणि दार्जिलिंगकडच्या, राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यात भारतातच जन्मलेली माणसं होती, लहान मुलं होती, म्हातारी होती. काहींना तिथून सुटायला अनेक वर्षं लागली. घरंदारं, दुकानं गेली. इतर शहरांतल्या चिनी कुटुंबांमागेही पोलिसांत नोंदणी, प्रवासाला परवानगी, शेजाऱ्यांचा संशय असं लागलं, आणि अनेकांनी पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका गाठली. देवळीत राहिलेले आणि आता कॅनडात असलेले काही जण भारत सरकारनं माफी मागावी अशी मागणी करत आले आहेत. ती मागणी रास्त आहे, कारण त्यांचा कसलाही गुन्हा सिद्ध झाला नव्हता. २०२० साली करोना आणि गलवान एकाच वर्षात आले आणि जुन्या जखमा पुन्हा उघड्या पडल्या. यजमानानं आपणहून हे सांगायला सुरुवात केली तर मात्र विषय बदलू नये. सीमारेषा कुठं आहे यावर वाद न घालता ऐकून घ्यावं. चीनहून कामानिमित्त आलेल्या कुटुंबाकडे गेलात तर तिबेट, तैवान आणि त्यांच्या सरकारबद्दलची मतं ताटावर काढू नयेत. उत्तर देणं त्यांना जड जातं.

सोलापूरचा जावई

कामानिमित्त आलेल्या किंवा चीनमध्येच भेटलेल्या चिनी कुटुंबाशी बोलायला मराठी पाहुण्याकडे एक विषय असा आहे, जो इतर कोणाकडे नाही. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. ते चिनी बोलायला-लिहायला शिकले, आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, त्यात भारत आणि चीन दोन्ही देशांची अक्षरं होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि भूमिकाही स्वतःच केली.

चीनमध्ये ते ‘के दीहुआ’ या नावानं ओळखले जातात. शीच्याच्वांग इथं त्यांची समाधी आहे. क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्या वारल्या. चीनचे बडे नेते भारतभेटीवर आले की कोटणीसांच्या बहिणींना भेटण्याचा शिरस्ता त्यांनी दीर्घकाळ पाळला. मेलेल्या मित्राच्या घरच्यांना विसरायचं नाही, हा शिष्टाचार चिनी समाज किती गंभीरपणे घेतो, ते यातून दिसतं. वयस्क चिनी माणसाला ‘मी कोटणीसांच्या मुलखातला’ एवढं सांगितलं तरी बैठक बदलते. तरुणांशी बोलायला ‘दंगल’ आहे. २०१७ साली तो चीनमध्ये प्रदर्शित झाला आणि भारतापेक्षा तिथं त्यानं जास्त कमाई केली. इतिहासाची आवड असेल त्याच्याशी ह्युएन त्संगबद्दल बोलावं. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता, आणि उपकार न विसरणारे, अपमान सहन न करणारे लोक असं त्यानं इथल्या माणसांचं वर्णन करून ठेवलं.

उलट दिशेची गोष्टही महाराष्ट्राच्या सीमेलगतच घडली. वांग छी हा चिनी सैन्यातला सर्वेक्षक १९६३ च्या जानेवारीत भारताच्या हद्दीत आला आणि पकडला गेला. काही वर्षं तुरुंगात काढल्यावर त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत ठेवण्यात आलं. भंडाऱ्याच्या तुमसरहून रेल्वे जाते तेच तिरोडी. तिथं तो राज बहादूर झाला, लग्न केलं, संसार थाटला. पन्नासहून अधिक वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तो मुलाबाळांना घेऊन आपल्या भावंडांच्या घरी चीनला गेला. त्या भारतीय लेकरांसाठी ते घर पाहुण्याचंही होतं आणि काकांचंही.

निघताना

चिनी घरातून निघताना यजमान दारापर्यंत, लिफ्टपर्यंत, कित्येकदा रस्त्यापर्यंत सोडायला येतात. ‘येतो, तुम्ही आत जा’ असं म्हणत राहावं, पण ते ऐकणार नाहीत हे गृहीत धरावं. जेवणानंतर फार रेंगाळू नये. फळं आणि चहा झाला की उठायची वेळ झाली. आपल्या डब्यात किंवा पिशवीत त्यांनी काहीतरी परत घातलं तर ते घ्यावं. रिकामा डबा परत न करण्याची रीत आपलीही आहे. आणि पुढच्या सणाला त्यांना आपल्या घरी बोलवावं, कारण परत बोलावल्याशिवाय ही भेट चिनी हिशेबात पूर्ण होत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंग येतो. त्या दिवसांत कुटुंबं दफनभूमीत जाऊन पूर्वजांच्या कबरी झाडतात, फळं आणि उदबत्त्या ठेवतात. मुंबईच्या चिनी लोकांची दफनभूमी अँटॉप हिलच्या बाजूला आहे. आपल्या पितृपक्षासारखेच हे दिवस घरच्यांचे असतात. तेव्हा आमंत्रणाशिवाय जाऊ नये. नववर्षाचं मात्र तसं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिथी पाहावी आणि जोगेश्वरीहून हार्बर लोकलनं सी यप कूनला जावं. सोबत सम संख्येत संत्री न्यावीत, देवापुढे उभ्या असलेल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि शेजारी कोणी बोलायला उत्सुक दिसलं तर त्यांना चीनबद्दल विचारण्याआधी त्यांच्या लहानपणच्या माझगावबद्दल विचारावं.